विकतचा लाईट शो आणि जुळे सोलापूरचं घर : ९८ मॉडेलचं ९ मध्ये कसं बसवायचं?

जुळेसोलापूरकर | २८ नोव्हेंबर, रात्री १०:५२

मंडळी, मदत हवी आहे आणि हाताशी महिनासुद्धा नाही.

आमच्याकडे नाताळला इतकी वर्षं गच्चीतल्या पाइपाला कागदी चांदणी आणि कठड्यावर साध्या माळा, एवढाच थाट असायचा. दोन वर्षांपूर्वी पिक्सेलचा, म्हणजे प्रत्येकाचा रंग वेगळा बदलता येतो अशा दिव्यांचा, नाद लागला. थोडे थोडे करत आता ९५० जमलेत. समोरच्या कठड्यावर १५०, बाजूच्या कठड्यावर ५०, दोन खिडक्यांना ५०-५०, गेटला ५०, जिन्याच्या रेलिंगला ५०, अंगणातल्या पेरूच्या बुंध्याला ५०, चांदणी १०० ची आणि पाइपावरून खाली सोडलेलं ८ माळांचं झाड, प्रत्येक माळ ५० ची. सगळे १२ व्होल्टचे, डब्ल्यूएस२८११ चिपचे. कंट्रोलर म्हणून ईएसपी३२ बोर्डावर डब्ल्यूलेड, आणि गाण्याबरोबर शो चालवायला रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर फाल्कन प्लेअर.

स्वतः सिक्वेन्स (गाण्याच्या कुठल्या क्षणी कुठला दिवा, ते) करायला बसलो तर पहिल्या १२ सेकंदांना चार संध्याकाळी गेल्या. म्हणून अमेरिकेतल्या एका विक्रेत्याकडून तीन गाण्यांचे तयार सिक्वेन्स घेतले. त्यांच्या व्हिडिओत घर असं नाचतं की जेवण गार होतं. एक्सलाइट्स या सिक्वेन्स करायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली आणि बसलोच. त्यांच्याकडे ९८ मॉडेल (कठडा, खिडकी अशी एकेक सजावट म्हणजे एक मॉडेल), माझ्याकडे ९.

त्यांची मॉडेल माझ्या मॉडेलांशी आपोआप जोडणारं ‘ऑटो मॅप’ दाबलं. दोन जुळली. मग नावं बघून हातानं जोडलं. त्यांचं ट्री माझ्या झाडाला, विंडो खिडकीला, स्टार चांदणीला. आर्च (कमानी), कँडी केन (वरून वाकलेल्या काठ्या), स्नोफ्लेक, गाणारे चेहरे हे माझ्याकडे नाहीच, ते सोडून दिलं. रेंडर करून घरावर लावलं. पहिली ४० सेकंद कठडा मेल्यासारखा, मग सगळं एकदम पांढरं, मग परत अंधार. बायको खाली उभी होती. म्हणाली, "लाईट येते-जाते तसं दिसतंय. ह्याला डॉलर मोजले?"

कुठं चुकतंय?

शंकासुर | २८ नोव्हेंबर, रात्री ११:२०

चुकतंय ते डॉलर मोजण्यात. कागदी चांदणीत काय वाईट होतं? आणि उतरत्या छपराच्या, पुढं हिरवळ असलेल्या घरासाठी केलेला शो आपल्या चौकोनी स्लॅबच्या घरावर बसेलच का? दुसऱ्याच्या मापाचा कोट विकत घ्यायचा आणि मग शिंप्याला शोधत फिरायचं!

हलगीवाला | २८ नोव्हेंबर, रात्री ११:४४

काय बे भावा, एवढं डोकं कशाला लावायलास? मंडळाच्या लायटिंगला आम्ही टी-१०००एस कंट्रोलर वापरतो. कार्डात प्रोग्राम टाकायचा, लावायचं, विसरायचं. रात्रभर चालतंय. तुझी विकतची फाइल त्यात टाकता येईल का बघ.

पिक्सेलताई | २९ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

हलगीवाले, टी-१०००एस कार्डातलं जे आहे ते आपल्या वेगानं फिरवत राहतं. गाणं कुठं आलंय हे त्याला कळत नाही, आणि नेटवर्कवरून आलेला डेटाही तो घेत नाही. मंडळाच्या महिरपीला उत्तम. गाण्याच्या ठोक्यावर दिवा लागायला हवा असेल तर इथं त्याचा उपयोग नाही.

जुळेसोलापूरकर, शंकासुरांची कोटाची उपमा मला आवडली, कारण तुमची चूक नेमकी तीच आहे. कोटाची बाही बघून तुम्ही हात शोधलात. म्हणजे नाव बघून नाव जोडलंत. विक्रेत्याच्या घरात ‘विंडो’ हे मॉडेल त्या गाण्यात काय करतंय, हे बघितलंच नाही. बऱ्याच सिक्वेन्समध्ये खिडक्या आणि घराची कड ही पार्श्वभूमी असते, संथ रंग बदलत राहतात. ठोका असतो आर्चवर. ताना, सरसर वर जाणारे स्वर असतात कँडी केनवर किंवा छोट्या झाडांवर. तुम्ही नेमका ठोका फेकून दिलात आणि पार्श्वभूमी ठेवलीत. मग ४० सेकंद घर मेलेलं दिसणारच.

आता काय करा ते सांगते.

आधी विक्रेत्याचं घर जसंच्या तसं बघा. पाकिटात त्यांच्या लेआउटची फाइल असते. त्यासाठी वेगळं फोल्डर करा आणि एक्सलाइट्सला ते शो फोल्डर म्हणून दाखवा. ती फाइल तुमच्या स्वतःच्या शो फोल्डरमध्ये टाकू नका. दोन्हींचं नाव एकच असतं, तुमचं घर पुसून त्यांचं घर येईल. (माझं पुसलं गेलंय. रात्री दीड वाजता. बॅकअप होता म्हणून वाचले.) मग गाणं लावून एक कागद घ्या आणि फक्त एवढं लिहा: तबला कोण वाजवतंय, पेटी कोण धरतंय, गायक कोण आहे. ९८ मॉडेल असली तरी कामं पाच-सहाच निघतील.

मग आपल्या घराकडे या. तुमच्याकडे आर्च नाहीत हे खरं नाही. समोरचा १५० चा कठडा आहे. त्याचे आठ सबमॉडेल, म्हणजे तुकडे, करा आणि त्यांचे आठ आर्च त्यावर जोडा. १५० ला ८ नं पूर्ण भाग जात नाही, तर सहा तुकडे १९ चे आणि दोन १८ चे. रस्त्यावरून कोणी मोजत नाही. आर्चवरून डावीकडून उजवीकडे पळणारा ठोका आता कठड्यावरून पळेल. कँडी केनचं काम जिन्याच्या रेलिंगला द्या, ते तसंही तिरकं वर चढतं. स्पिनर नावाची गोल फिरणारी मॉडेल असतील तर त्यांची आतली-बाहेरची कडी तुमच्या चांदणीच्या आतल्या-बाहेरच्या कडेला. इम्पोर्टच्या स्क्रीनवर मॉडेल उलगडलं की खाली सबमॉडेल दिसतात, तिथंच जोडता येतं. त्यांचं एक मॉडेल तुमच्या दोन-तीन ठिकाणी ओढलं तरी चालतं.

ग्रुपकडे विशेष लक्ष द्या. विक्रेते निम्मं काम ग्रुपवर करतात, "सगळे आर्च", "सगळं घर" असं. त्या इफेक्टची मांडणी ‘प्रत्येक मॉडेलला वेगळं’ अशी असेल आणि तुम्ही तो ग्रुप एकाच मॉडेलला जोडलात, तर ती मांडणी हरवते आणि वेगळंच काहीतरी दिसतं. म्हणून तुमच्याकडे दोनच खिडक्या असल्या तरी त्यांचा ग्रुप करा आणि ग्रुपला ग्रुप जोडा.

आणि जोडणी झाली की ती एक्समॅप फाइल म्हणून सेव्ह करा. त्याच विक्रेत्याचं दुसरं गाणं तिच्यावर बरंचसं बसतं. पहिल्या गाण्याला तीन संध्याकाळी, तिसऱ्याला पाऊण तास, असा माझा अनुभव.

हलगीवाला | २९ नोव्हेंबर, दुपारी १:०२

ताई, आता कळलं बघा. लेझीमच्या पथकात हलगी कोण, घुंगरं कोण आणि पावलं कोण हे आधी ठरवतो आम्ही. शंभर पोरांचा डाव वीस पोरांत बसवायचा असला तर ऐंशी पोरांना घरी पाठवत नाही, ऐंशी पोरांचं काम वीस जणांना वाटतो. असंच ना?

पिक्सेलताई | २९ नोव्हेंबर, दुपारी १:१०

अगदी असंच. माझा अख्खा प्रतिसाद तुम्ही दोन ओळीत लिहिलात.

न्यूजर्सीचा_सोलापुरी | २९ नोव्हेंबर, रात्री ८:३५

इथं सहा वर्षं शो करतोय, म्हणून थोडी भर.

आधी धीर. आज ज्याला आपण घरावरचा लाईट शो म्हणतो तो जगभर माहीत झाला ओहायोतल्या मेसन गावच्या कार्सन विल्यम्समुळे. २००४ चा नाताळ. दिवे १६,००० होते, पण चॅनेल, म्हणजे वेगळे चालू-बंद करता येणारे गट, फक्त ८८. तुमच्या ९५० पिक्सेलचे लाल-हिरवा-निळा असे तीन-तीन धरून २,८५० चॅनेल होतात. म्हणजे तुमच्याकडे त्या माणसाच्या तीसपट आहे! त्यानं तो शो गाजवला कारण कुठला दिवा कधी बंद ठेवायचा हे त्याला कळत होतं. पुढच्या वर्षी त्याच्या गल्लीत गाड्यांची एवढी गर्दी झाली की जवळ झालेल्या अपघातापर्यंत पोलिसांना पोचता येईना, आणि त्यानं शो बंद केला. जुळे सोलापुरातल्या बोळाची रुंदी मला माहीत आहे, तेव्हा हेही लक्षात असू द्या.

दुसरं. विक्रेते गाणं देत नाहीत, फक्त दिव्यांचा सिक्वेन्स देतात, कारण गाण्याचे हक्क त्यांच्याकडे नसतात. गाणं आपण वेगळं घ्यायचं. एकाच गाण्याच्या अल्बमची, रेडिओची, लाइव्ह अशा तीन-चार आवृत्त्या असतात. विक्रेत्याच्या पानावर कुठली हवी ते लिहिलेलं असतं, मिनिट-सेकंदांसह. ते वाचा. मी पहिल्या वर्षी वाचलं नव्हतं.

तिसरं, त्यांच्या झाडावर चित्रं, व्हिडिओ किंवा अक्षरं असतील तर ती सरळ काढून टाका. १६ माळांच्या झाडावर सांताक्लॉजचं तोंड कसंबसं ओळखू येतं. ८ माळांवर ते टोमॅटोसारखं दिसतं. बार, स्पायरल, ट्विंकल, साधा ‘ऑन’ असले इफेक्ट कुठल्याही मापाला बसतात. आणि चित्रं ठेवायचीच असतील तर पाकीट एक्सएसक्यूझेड आहे ना ते बघा, त्यात लागणाऱ्या फाइली सोबत बांधलेल्या असतात. नुसत्या एक्सएसक्यूत त्या नसतात, तिथं मग झाड काळं पडतं.

विद्यार्थी_वालचंद | २९ नोव्हेंबर, रात्री ९:०१

धागाकर्ते, ते तीन सिक्वेन्स ड्राइव्हवर टाकाल का? मला फक्त शिकायला हवेत.

संपादक | २९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

विकत घेतलेल्या फाइली इथं मागू नका, देऊ नका. हे सिक्वेन्स घेणाऱ्याच्या स्वतःच्या डिस्प्लेपुरते विकलेले असतात. एक्सलाइट्स वापरणारे अनेक जण स्वतः केलेले सिक्वेन्स फुकट देतात, शिकायला ते पुष्कळ आहेत. जोडणीबद्दल हवं तेवढं बोला.

जुळेसोलापूरकर | ५ डिसेंबर, रात्री ११:३८

ताई, तुमच्या म्हणण्याप्रमाणे कागद केला. खरंच पाच कामं निघाली. कठड्याचे आठ तुकडे केले आणि काल रात्री पहिल्यांदा ठोका डावीकडून उजवीकडे पळाला. आईला खुर्ची टाकून रस्त्यापलीकडे बसवलं होतं. ती म्हणाली, "हां, आता गाणं दिसतंय."

दोन भानगडी राहिल्यात. चांदणीला लाल मागितला की हिरवा येतो. आणि दुसऱ्या गाण्यात सुरुवात बरोबर असते, पण शेवटी ढोल वाजून गेल्यावर दिवा लागतो. चार सेकंदांचा फरक तरी असेल.

पिक्सेलताई | ६ डिसेंबर, सकाळी ६:५०

चांदणीची माळ दुसऱ्या लॉटची असणार. तिचा रंगक्रम आरजीबी (लाल-हिरवा-निळा) नसून जीआरबी (हिरवा-लाल-निळा) आहे. कंट्रोलरमध्ये त्या पोर्टचा क्रम बदला, सिक्वेन्सला हात लावू नका.

आता गाणं. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असता तर प्रश्न गाण्याआधीच्या शांततेचा होता. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये पुढं तेवढी शांतता जोडायची किंवा कापायची की झालं. तुमचा फरक मात्र सुरुवातीला शून्य आणि शेवटी चार सेकंद आहे. म्हणजे तुमच्याकडे दुसरीच आवृत्ती आहे, मधे कुठंतरी एखादं आवर्तन कमी-जास्त आहे. सिक्वेन्ससोबत टायमिंग ट्रॅक येतात, ठोक्यांच्या खुणांचे. तो ट्रॅक आणि गाण्याची लहर वरखाली ठेवून कुठून सुटतंय ते शोधा. पण शोधून दुरुस्त करू नका. योग्य आवृत्ती विकत घ्या. दुरुस्तीला जी रात्र जाईल तिची किंमत एका गाण्यापेक्षा जास्त आहे.

जुळेसोलापूरकर | ६ डिसेंबर, रात्री १०:१५

बरोबर निघालं. मी घेतलेलं रेडिओवालं होतं, कडव्यामधला एक तुकडा त्यात छाटलेला. योग्य गाणं टाकलं आणि एकही इफेक्ट न हलवता ढोल आणि दिवा एकत्र आले. तीन रात्री मी इफेक्ट पाव-पाव सेकंद सरकवत बसलो होतो, ते आता कोणाला सांगायचं नाही.

शंकासुर | ६ डिसेंबर, रात्री १०:४०

सांगून झालं की.

अक्कलकोटरोडचा_अण्णा | ८ डिसेंबर, रात्री ९:२०

मी लूमवर वायरिंग करणारा माणूस, मला सिक्वेन्स समजत नाही. पण ९५० दिवे म्हटल्यावर राहवलं नाही. घरी तेलुगू बोलतो, मराठीत चूक झाली तर सांभाळून घ्या.

बारा व्होल्टच्या पिक्सेलला पूर्ण पांढऱ्यात ६० मिलिअँपिअर धरा. एक पिक्सेल पाऊण वॅटच्या जरा खाली. ९५० चे झाले सुमारे ६८४ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला ५७ अँपिअर. विकतच्या सिक्वेन्समध्ये ‘सगळं घर पांढरं’ असा क्षण असतोच, तुम्ही वरती लिहिलंच आहे. तो एकच क्षण एसएमपीएसला (१२ व्होल्ट देणाऱ्या पॉवर सप्लायला) खाली बसवतो. एकच ३० अँपिअरचा लावला असेल तर तो बंद पडणार, नाहीतर तापणार. दोन लावा, भार वाटून द्या, आणि ब्राइटनेस कंट्रोलरमध्येच ३० टक्क्यांवर बांधा. मग सगळं मिळून १७-१८ अँपिअरमध्ये बसतं. आणि ३० टक्के कमी वाटेल असं समजू नका. अंधाऱ्या गल्लीत १०० टक्के पांढरा डोळ्यात जातो, समोरच्याला झोप नाही.

लांब माळेत शेवटचे दिवे पांढऱ्याऐवजी तांबूस दिसले तर समजा व्होल्टेज पडलंय. दुसऱ्या टोकाला पण १२ व्होल्ट द्या. दोन वेगळ्या एसएमपीएसचे प्लस एकत्र करू नका, मायनस मात्र एकच ठेवा, नाहीतर डेटा नाचतो. सगळ्यात आधी आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर) आहे का बघा आणि अर्थिंग तपासा. आपल्याकडची जमीन कोरडी खडखडीत, अर्थिंगच्या खड्ड्यात डिसेंबरात पाणी ओता. हे मी विनोदानं लिहीत नाही.

हलगीवाला | ८ डिसेंबर, रात्री ९:४१

अण्णा लै भारी. मराठी आमच्यापेक्षा चांगलंय तुमचं.

पाळकांचा_मुलगा | ११ डिसेंबर, दुपारी ४:०५

धागा वाचतोय, मजा येतेय. माझा प्रश्न वेगळा. विकतचे सगळे सिक्वेन्स इंग्रजी गाण्यांचे. आमच्या मंडळीत नाताळची मराठी गीतं पेटी-तबल्यावर म्हणतात. आमच्या आजीच्या लेखी नाताळ म्हणजे तीच गीतं. त्यांचा सिक्वेन्स कुठं विकत मिळेल?

आणि गाणारा चेहरा मराठीत ओठ हलवेल का?

पिक्सेलताई | ११ डिसेंबर, रात्री ८:५०

विकत मिळाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. पण विकतच्यातून उचलता येतं. एक्सलाइट्समध्ये विक्रेत्याच्या एखाद्या संथ गाण्यातले चार ठोक्यांचे, आठ ठोक्यांचे तुकडे कॉपी करा आणि आपल्या गीताच्या टायमिंग ट्रॅकवर चिकटवा. तुमच्या तबलजीनं केरवा धरला असेल तर आठ मात्रांचा तुकडा सहज बसतो. दादरा असेल तर बसत नाही, तिथं सहाच्या खुणा हातानं मारून मग इफेक्ट टाका. गीत सुरू असताना कीबोर्डवर ताल देत खुणा मारता येतात, एकदा सवय झाली की पाच मिनिटांचं काम. असा तुकडा फक्त आपल्याच घरावर वापरा, संपादकांनी वर सांगितलं तेच.

ओठांचं म्हणाल तर चेहऱ्याला मोजकेच आकार असतात. एक मिटलेल्या ओठांचा (म, ब, प), एक ‘ओ’चा, एक ‘ई’चा, एक ‘फ-व्ह’चा, आणखी थोडे. सॉफ्टवेअर शब्द फोडतं ते इंग्रजी कोशावरून. मराठी शब्द कोशात नसतात, ते रोमन लिपीत लिहून त्यांचे आकार आपण भरायचे. एका गीतात वेगळे शब्द साठ-सत्तरच असतात, शिवाय ध्रुपद परत परत येतं, तेव्हा वाटतं तेवढं अवघड नाही. मात्र ‘ळ’ला काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी ‘ल’वर भागवलं.

पाळकांचा_मुलगा | ११ डिसेंबर, रात्री ९:१५

‘बाळ’ शब्द तर प्रत्येक कडव्यात आहे. भागवावंच लागेल.

न्यूजर्सीचा_सोलापुरी | १२ डिसेंबर, सकाळी ७:४०

आवाजाचं काय करणार? इकडं बरेच जण छोटा एफएम ट्रान्समीटर लावतात आणि लोक गाडीत बसून ऐकतात. भारतात परवान्याशिवाय एफएम प्रक्षेपण करता येत नाही, तो नाद करू नका. दोन बरे स्पीकर रस्त्याकडे तोंड करून ठेवले की बोळाला पुरतात.

पाळकांचा_मुलगा | १२ डिसेंबर, सकाळी ८:१०

आणि रात्री दहाच्या आत आटपा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. सण-उत्सवासाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, ते दिवस प्रशासन जाहीर करतं. आम्ही तरीही साडेनऊलाच बंद करतो. २४ ला नंतर उपासना असते, आणि कॅरलवाली पोरं दारोदार फिरत असतात. त्यांच्या आवाजावर स्पीकर चढला की वाईट वाटतं.

जुळेसोलापूरकर | १८ डिसेंबर, रात्री १२:२०

आजची हकिकत लिहून झोपतो.

संध्याकाळी पूर्ण तालीम ठेवली होती. दोन शेजारी, त्यांची मुलं, साडू सहकुटुंब. पहिलं गाणं छान झालं. दुसऱ्या गाण्याच्या मधोमध खाड् करून आरसीसीबी पडला आणि घरासकट सगळं अंधारात. उचलला, परत पडला. तिसऱ्यांदाही तेच. मी लॅपटॉप घेऊन सिक्वेन्समध्ये काय बिघडलं ते शोधायला लागलो! साडू म्हणाले, "अहो, गाण्यानं ब्रेकर पडत नसतो."

कारण निघालं अंगणात. आज आमच्याकडे नळाची पाळी होती. टाकी भरली, पाणी उरलं, म्हणून बायकोनं दुपारी नळीनं सगळं अंगण धुऊन काढलं. पाहुणे येणार होते ना. पेरूच्या बुंध्याशी एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर पालथा ठेवला होता, त्यात पाणी शिरलं. तो बोर्ड मीच ठेवला होता, त्यामुळं बोलायला तोंड नव्हतं.

अण्णा, आरसीसीबी नसता तर आज काय झालं असतं त्याचा विचार करतोय. मुलं त्याच बुंध्याभोवती पळत होती.

अक्कलकोटरोडचा_अण्णा | १८ डिसेंबर, सकाळी ६:०५

तो बोर्ड फेकून द्या, वाळवून वापरू नका. २३० व्होल्टचं काहीही अंगणात नको. एसएमपीएस पोर्चमध्ये भिंतीवर, जमिनीपासून तीन फूट वर, आणि तिथून पुढं फक्त १२ व्होल्टची वायर. लांबी वाढली तर अडीच एमएमची घ्या. पिक्सेलचे जोड पण उलटे लटकवा, पाणी निथळून जाईल असे. आणि मुलांना सांगा, झाडाला हात लावायचा नाही. अर्थात लावणारच.

हलगीवाला | १८ डिसेंबर, सकाळी १०:३०

गणपतीत आम्ही एसएमपीएसच्या डब्याला बारीक जाळी मारतो. पाल शिरते. एकदा शिरली, मूर्तीमागची सगळी महिरप गेलती.

जुळेसोलापूरकर | २५ डिसेंबर, रात्री ११:१०

सर्वांना नाताळच्या शुभेच्छा. शो झाला. काल आणि आज, सात ते साडेनऊ, तीन विकतची गाणी आणि एक मराठी गीत. ते चौथं पाळकांच्या मुलाच्या मदतीनं केलं. पेटी त्यांनीच वाजवली, मोबाइलवर रेकॉर्ड केली.

जोडणीबद्दल एक सांगतो, कारण ते मला शेवटच्या आठवड्यात उमगलं. ताईंच्या पद्धतीनं सगळी कामं सगळ्यांना वाटून दिली होती, आणि तरीही काहीतरी खटकत होतं. घर सतत बोलत होतं. ९८ मॉडेलच्या घरात एका वेळी वीस बोलतात आणि अठ्ठ्याहत्तर गप्प असतात. माझी नऊ, एकेकाला दहा-दहा कामं दिलेली, कुणाला श्वास घ्यायलाच जागा नाही. मग मी जोडलेलं काढायला लागलो. पेरूच्या बुंध्यावर सात गोष्टी होत्या, त्यातल्या सहा काढल्या. फक्त एक ठेवली: दुसऱ्या गाण्यात सगळं थांबतं आणि पियानोचे चार सूर एकटे येतात, तेवढेच.

काल रात्री ते असं झालं. कठडा विझला, झाड विझलं, चांदणीही गेली. बोळात अंधार. मग पेरूच्या बुंध्यावर खालून पहिला वेढा पिवळा लागला, मग त्यावरचा, मग त्यावरचा. चौथ्या सुराला वरच्या दोन पानांची खालची बाजू उजळली. ते मी केलेलं नव्हतं, पानं मधे आली म्हणून झालं. कोपऱ्यावरचा भेळवाला गाडी ढकलत चालला होता, तो थांबला. कोणीतरी लहान पोरगं म्हणालं, "संपलं?" आणि तेवढ्यात ढोल वाजून सगळं घर पेटलं.

आज त्याच जागी लोक आधीच "आता बघा, आता बघा" म्हणून एकमेकांना सांगत होते.

बायकोला करंज्या वाटता वाटता विचारलं, लाईट येते-जाते तसं वाटतंय का? म्हणाली, "जाते तेव्हा बरी जाते."

शंकासुर | २५ डिसेंबर, रात्री ११:३२

मी काल येऊन गेलो. सांगितलं नाही. पेरूपाशी मीही थांबलो होतो.

कागदी चांदणी कुठं गेली मात्र?

जुळेसोलापूरकर | २५ डिसेंबर, रात्री ११:४०

शंकासुर, हाक मारायची ना! चांदणी आहे. मागच्या बाजूला, आईच्या खिडकीत. आत साधा बल्ब आहे आणि तिला कंट्रोलरमधला कुठलाही युनिव्हर्स नंबर नाही.

पिक्सेलताई | २६ डिसेंबर, सकाळी ७:०५

काढून टाकण्याचं तुम्ही लिहिलंत ते मी पहिल्याच प्रतिसादात सांगायला हवं होतं. एक्समॅप परत सेव्ह केलीत ना, काढल्यानंतरची? नाहीतर पुढच्या वर्षी पेरूवर परत सात गोष्टी येतील.

जुळेसोलापूरकर | २६ डिसेंबर, सकाळी ९:२०

नव्हती केली. आत्ता केली.

हलगीवाला | २७ डिसेंबर, दुपारी १२:१५

भावा, शो झालाच आहे तर तो झाडाचा लोखंडी पाइप आणि खालचा बेस देतोस का? गड्ड्याच्या जत्रेत आमच्या दोस्ताचा स्टॉल आहे, त्याला झाड उभं करायचंय. टी-१०००एस माझा. गाणंबिणं काय नको त्याला.

जुळेसोलापूरकर | २७ डिसेंबर, दुपारी १:०३

१ तारखेपर्यंत दिवे राहणार आहेत, मग घेऊन जा. पाइप ठेव हवं तर, बेस परत आण. आणि माळा मी देणार नाही, त्यांच्या शेपटीला मी सगळीकडे नंबर चिकटवलेत.

हलगीवाला | २७ डिसेंबर, दुपारी १:१०

माळा कोण मागायलंय बे. आमच्याकडं पोत्यानं आहेत.